कॉलेजच्या दाराची गोष्ट

जून महिना लागला, मृगाच्या सरी पडू लागल्या, की आमच्या कल्याणच्या बाजूला दोन पेरण्यांची घाई एकदमच सुरू होते. एक शेतातली भाताची, आणि दुसरी मुलांच्या शिक्षणाची. मुरबाड, शहापूर, भिवंडी या तालुक्यांतून सकाळच्या गाडीने किंवा एस. टी. ने माणसे येतात. हातात पिशवीत गुंडाळलेले कागद, आणि मागे मान खाली घालून उभी राहिलेली मुलगी नाही तर मुलगा. हल्ली प्रवेशाचा अर्ज संगणकावर भरायचा असतो हे खरे. पण भरलेला अर्ज खरोखरच पोहोचला की नाही, हे डोळ्यांनी पाहिल्यावाचून बापाला चैन पडत नाही. म्हणून माणूस यायचा तो येतोच.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी मी एका कॉलेजात प्रवेशाच्या टेबलाशी बसलो होतो. मुरबाडकडचे एक शेतकरी मुलीला घेऊन आले. मुलीचे नाव गुणवत्ता यादीत लागले होते. फी भरायला अजून दोन दिवस होते. सगळे कागद जागच्या जागी होते. तरी ते गृहस्थ हात जोडून म्हणाले, "सायेब, पोरीचं तेवढं बगा. लय उपकार व्हतील."

मी म्हटले, "अहो, उपकार कसले? यादीत नाव आहे. तिला घेतलेच पाहिजे आम्ही."

ते हसले. पण त्यांना ते पटले नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. साहेब माणूस गोड बोलतो आहे, एवढेच त्यांनी त्यातून घेतले.

श्रोतेहो, आजचे माझे भाषण त्या "घेतलेच पाहिजे" या दोन शब्दांविषयी आहे. ते शब्द मी सहज बोलून गेलो. पण ते आपल्या इकडे रुजायला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला आहे. विद्यापीठाचे किंवा कॉलेजचे दार उघडणे ही दारावरच्या माणसाची मर्जी नव्हे, ते त्याचे कायद्याने बांधलेले कर्तव्य आहे, ही गोष्ट एकाएकी कोणी लिहून ठेवलेली नाही. कोणाला तरी दारातून परत जावे लागले, आणि मग एकेक कलम जन्माला आले.

सुरुवात कल्याणपासूनच करू. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १८५३ च्या एप्रिलात धावली आणि १८५४ साली ती कल्याणला पोहोचली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८ जुलै १८५७ रोजी, मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. तिकडे उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला, आणि इकडे विद्यापीठाची पायाभरणी चाललेली! या विद्यापीठात प्रथम शिकवण्याची सोय नव्हती. शिकवायचे कॉलेजांनी, आणि परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने, अशी वाटणी होती. विद्यापीठात शिरण्याचा दरवाजा म्हणजे मॅट्रिकची परीक्षा. त्या दरवाजातून पुढे जाऊन १८६२ साली चार जण पहिले बी. ए. झाले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे.

आता मौज पाहा. विद्यापीठाच्या कायद्याच्या आरंभीच असे म्हटले होते की, सर्व वर्गांच्या आणि सर्व पंथांच्या प्रजाजनांना विद्येचे उत्तेजन मिळावे म्हणून हे विद्यापीठ काढले आहे. "सर्व" म्हटल्यावर कोण बाकी राहिले? पण बाकी राहिले. निम्मा समाज बाकी राहिला. नियमांत परीक्षार्थी सगळीकडे पुल्लिंगी होता. "तो" अर्ज करील, "तो" फी भरील, "तो" परीक्षेला बसेल. "ती" कोठेच नव्हती. पुण्याचे रेव्हरंड सोराबजी खरसेदजी यांनी आपल्या मुलींसाठी विद्यापीठाचे दार ठोठावून पाहिले, तेव्हा ते उघडले नाही. स्त्रियांना मज्जाव आहे असा कायदा कोणी केलेला नव्हता. त्या येतील असे कोणाच्या मनातच नव्हते, आणि मनात नव्हते म्हणून नियमात नव्हते. बंदी घालणारा कायदा निदान डोळ्यांना दिसतो, त्याच्याशी भांडता तरी येते. मुळात नावच घेतलेले नसले, तर भांडायचे कोणाशी?

अशा काळात, ३१ मार्च १८६५ रोजी, कल्याणच्या जोशी घराण्यात एक मुलगी जन्मली. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी तिचे लग्न टपालखात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी तिला मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. आपण डॉक्टर व्हायचे, हा तिचा निश्चय या दुःखानंतरचा. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात १८७५ पासून स्त्रियांना घेऊ लागले होते. पण आपल्या मुंबई इलाख्यात तसे दार उघडे नव्हते. गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्यांना लिहिलेले पत्र तिकडच्या एका मासिकात छापून आले, ते कार्पेंटरबाई नावाच्या एका गृहिणीच्या वाचनात आले, आणि साता समुद्रापलीकडून या मुलीला हात मिळाला. १८८३ च्या एप्रिलात आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात त्यांना प्रवेश मिळाला. ११ मार्च १८८६ रोजी त्या एम. डी. झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. वय पुरते बावीसही नव्हते.

ही गोष्ट आपण पुष्कळदा ऐकतो आणि डोळे पुसतो. पण एक सन मात्र आपल्या नजरेतून निसटतो. आनंदीबाई बोटीत बसल्या ते साल १८८३. त्याच १८८३ साली मुंबई विद्यापीठाने आपल्या परीक्षा आणि पदव्या स्त्रियांना खुल्या केल्या. नियमांतल्या "तो" मध्ये "ती" सुद्धा येते, हे मान्य केले. त्याच साली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे दारही स्त्रियांसाठी उघडले. म्हणजे दार उघडले, पण कल्याणच्या मुलीला ते उपयोगी पडले नाही. तोवर ती समुद्रावर होती.

कायद्याच्या भाषेतला तो "तो" पुढे १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये कायमचा सरळ झाला. कायद्यात पुल्लिंगी शब्द आला तर, उलट आशय नसेल तेथे, त्यात स्त्रियाही धराव्यात, असे त्याचे १३ वे कलम सांगते. तथापि नियम सरळ झाला म्हणजे वागणूक सरळ होते असे नाही. त्याच सोराबजींची कन्या कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पहिल्या वर्गात पदवीधर झाली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर ठरली. पण विलायतेस शिकायला जाण्याची जी सरकारी शिष्यवृत्ती तिच्या गुणांवर तिला मिळायची, ती स्त्री म्हणून मिळाली नाही. परीक्षेत "तो" म्हणजे "ती" झाली. शिष्यवृत्तीत पुन्हा "तो" म्हणजे "तो"च राहिला!

दुसरी गोष्ट याहून जुनी आणि याहून कडू आहे. १८५६ च्या जून महिन्यात धारवाडच्या एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. सरकारी शाळेची फी भरायला मी तयार आहे, तरी मला घेत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. सरकारने काय ठरवले? मुलाची बाजू न्यायाची आहे हे जवळजवळ कबूल केले. पण या एकट्याला घेतले तर बाकीची मुले जातील आणि शाळा ओस पडेल, म्हणून त्याला घेऊ नये, असा निकाल दिला. हे प्रकरण कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारापर्यंत आणि तेथून विलायतेपर्यंत गेले. अखेर १८५८ साली कंपनीच्या डायरेक्टरांनी कळवले की, सरकारी शिक्षणसंस्था सर्व वर्गांना खुल्या आहेत आणि हे तत्त्व सोडता येणार नाही.

तत्त्व ठरले. पण त्या मुलाचे काय झाले? मोठमोठे खलिते कपाटांत जपून राहिले. त्या मुलाची वाट इतिहासाने जपून ठेवलेली नाही. आणि तत्त्व ठरल्यावरही खेड्यापाड्यांत मुले ओसरीवर, दाराबाहेर बसतच होती. १८८२ च्या हंटर आयोगाला तेच तत्त्व पुन्हा सांगावे लागले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांना मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणावा लागला की, सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना मोकळे असावेत. ठराव मंजूर झाला. पुढे चार वर्षांनी त्याच हक्काने पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. हुकूम आणि अंमल यांच्यामध्ये केवढे अंतर असते, याचे याहून बोलके उदाहरण आपल्या कोकणात तरी दुसरे नाही.

त्यात उणीव काय होती? तोपर्यंत हे सगळे सरकारचे धोरण होते. धोरण म्हणजे आज आहे, उद्या बदलेल. ज्याला दारातून परत पाठवले, त्याने कोर्टात जाऊन "माझा हक्क द्या" असे म्हणण्याची सोय त्यात नव्हती. ती सोय २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटनेने केली. तिचे २९ वे कलम, दुसरे उपकलम, शिक्षकबंधूंनी तरी लक्षात ठेवावे असे आहे. सरकारने चालवलेल्या किंवा सरकारी पैशाची मदत घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून कोणाही नागरिकाला प्रवेश नाकारता येणार नाही, असा त्याचा आशय. पूर्वी मुलाला अर्ज करावा लागे. आता संस्थेला जाब द्यावा लागतो. भार या खांद्यावरून त्या खांद्यावर गेला, ही खरी क्रांती.

या कलमाची परीक्षा आपल्याच राज्यात लवकर झाली. १९५४ च्या जानेवारीत मुंबई सरकारने हुकूम काढला की, इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन आणि आशियाई नसलेल्या वंशाची मुले सोडून इतरांना नव्याने घेऊ नये. नाशिकजवळ देवळालीची बार्न्स शाळा आणि दोन पालक कोर्टात गेले. सरकारचे म्हणणे, आमचा हेतू देशी भाषांची वाढ हा आहे. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हेतू चांगला असेल. पण मुलाला बाहेर ठेवण्याचे कारण त्याची भाषा हे आहे, आणि ते चालणार नाही. हुकूम रद्द झाला. खुद्द सरकारलाही दार लावून घेता येत नाही, हे तेथे ठरले.

मात्र नुसते "सर्वांना सारखे" म्हणून न्याय होतो का? जो पिढ्यान्पिढ्या ओसरीवर बसला, त्याला आणि जो माजघरात बसला त्याला एकाच रेषेवर उभे करून "आता पळा" म्हणायचे, हा न्याय कसला? मद्रास इलाख्यात कॉलेजच्या दर चौदा जागा जातीजमातींत वाटून देणारा जुना हुकूम होता. चंपकम दोराइराजन खटल्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो याच २९ व्या कलमाच्या आधारे रद्द केला. तेव्हा संसदेने त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती करून १५ व्या कलमात चौथे उपकलम घातले. मागासलेल्या वर्गांसाठी, अनुसूचित जाती-जमातींसाठी खास तरतूद करण्यास सरकार मोकळे झाले. महाविद्यालयातील राखीव जागांचा आधार हा आहे. राखीव जागा म्हणजे कोणाच्या पदरात टाकलेली भीक नव्हे. धारवाडच्या त्या मुलाचे देणे फेडण्याची ती रीत आहे.

जातीचे दार असे थोडेबहुत उघडले, तोवर पैशाचे दार उभे राहिले. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या कारकीर्दीत महाराष्ट्रात विनाअनुदान तत्त्वावर इंजिनिअरिंग वगैरे कॉलेजे काढायला परवानगी मिळाली. जागा वाढल्या. पूर्वी शिक्षणासाठी परराज्यात जाणारी मुले घराजवळ शिकू लागली, हा लाभ नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याबरोबर देणगीचा बाजारही आला. तेव्हा १९८७ साली महाराष्ट्राने देणगी घेऊन प्रवेश देण्यास बंदी करणारा कायदा केला. ठरलेल्या फीवर एक रुपयाही वर मागणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. पुढे १९९२ साली मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही देणगीची प्रथा घटनाविरोधी ठरवली. २००५ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या इनामदार खटल्यात न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की, खासगी संस्था सरकारी मदत घेत नसली तरी तिचा प्रवेश उघड, गुणांवर आणि पिळवणुकीवाचून झाला पाहिजे. त्याच वर्षीच्या त्र्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने खासगी संस्थांतही, अल्पसंख्याकांच्या संस्था वगळून, राखीव जागा ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. आणि २०१५ साली महाराष्ट्राने खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांचे प्रवेश आणि फी यांवर देखरेख करणारा कायदा केला. फी किती, हे आता एकट्या संस्थाचालकाने ठरवायचे नाही; ते ठरवायला प्राधिकरण आहे.

आता शेवटचे दार. ते कागदाचे आहे, आणि येथे मला माझ्या खेड्यातल्या शिक्षकबंधूंशी आणि भगिनींशी दोन शब्द मुद्दाम बोलायचे आहेत.

राखीव जागांवर खोटे दाखले घेऊन माणसे शिरू लागली, तेव्हा खऱ्या हक्कदाराची जागा जाऊ लागली. १९९४ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दाखला तपासण्याची रीत घालून दिली: पडताळणी समिती, तिच्या हाताखाली चौकशीचे दक्षता पथक, जुन्या कागदांची छाननी. त्या प्रकरणात मेडिकल कॉलेजच्या प्रवेशासाठी महादेव कोळी जमातीचा दावा होता, आणि वडिलांच्या शाळेतल्या नोंदीत हिंदू कोळी असे लिहिलेले होते. पुढे महाराष्ट्राने यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि तो १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. आपण अमुक जातीचे किंवा जमातीचे आहोत हे सिद्ध करण्याचा भार त्यात अर्जदारावर आहे. कोकण विभागाची अनुसूचित जमातींची पडताळणी समिती आपल्या ठाण्यातच बसते.

तेथे निकाल कशावर लागतो? पुष्कळदा बापाच्या आणि आज्याच्या शाळेच्या दाखल्यावर. म्हणजे पन्नास-साठ वर्षांपूर्वी एखाद्या पाड्यावरच्या गुरुजींनी जनरल रजिस्टरात बोरू किंवा टाक बुडवून काय लिहिले त्यावर! वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, मल्हार कोळी ही आपल्या ठाणे-पालघरकडची माणसे. घाईत कोणी नुसते "कोळी" लिहिले, कोणी नुसते "हिंदू" लिहिले, कोणी आडनावच जातीच्या रकान्यात टाकले. गुरुजींच्या मनात पाप नव्हते. पण त्या एका शब्दापायी नातवाला मुंबई-ठाण्याच्या खेपा घालाव्या लागतात, आणि कधी कधी जागा हातची जाते. पूर्वी "ती" हा शब्द नियमात नव्हता म्हणून दार बंद होते. आज रजिस्टरात शब्द अर्धा आहे म्हणून ते अडते. तेव्हा गुरुजी, पहिलीत नाव घालताना बापाला समोर बसवा, कागद पाहा, जात-जमात पुरी लिहा, जन्मतारीख नीट लिहा आणि ती वाचून दाखवा. कॉलेजच्या प्रवेशाचे पहिले कर्तव्य कॉलेजात सुरू होत नाही. ते तुमच्या टेबलावर सुरू होते.

आणि पालकांनो, तुम्हीही चार गोष्टी पदरात बांधून ठेवा. माहितीपुस्तिकेत नियम आणि फी लिहिलेली असते, ती वाचून घ्या. वाचता येत नसेल तर गावच्या मास्तरांकडून वाचवून घ्या. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागा. मूळ दाखले तपासून परत द्यावेत, अडवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली बजावले आहे; प्रवेश रद्द केल्यास फी किती परत मिळते, याचेही प्रमाण त्यात ठरवून दिले आहे. मुलगा किंवा मुलगी अपंग असेल, तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत निदान पाच टक्के जागा २०१६ च्या कायद्याने राखून ठेवलेल्या आहेत. यांतले काहीही मागताना आवाज चढवायला नको, आणि हातही जोडायला नकोत. नियम काय आहे, एवढे विचारले की पुरे.

त्या मुरबाडच्या गृहस्थांची गोष्ट अर्धी राहिली. मुलीचा प्रवेश झाला. जाताना ते पुन्हा म्हणाले, "उपकार झाले, सायेब." तेवढ्यात इतका वेळ गप्प असलेली मुलगी म्हणाली, "बाबा, उपकार नाही. माझं नाव यादीत आहे."

मी तिच्याकडे पाहत राहिलो. कल्याणहून फिलाडेल्फिया किती दूर आहे, ते तिला ठाऊक असेल की नाही, कोण जाणे. पण तिला शिकण्यासाठी बोटीत बसावे लागणार नव्हते. गाडीत बसून ती संध्याकाळी आपल्या घरी जाणार होती, आणि कॉलेज उघडेल त्या दिवशी परत येणार होती.